ऊसनोंदीचा प्रोग्राम : माहितीसाठ्याची जोडणी कोणती घ्यावी?



लागणीची नोंद पूर्वी वहीत होत असे, आता ती गट ऑफिसात संगणकावर होते. पुष्कळ सभासद आम्हाला विचारतात, "साहेब, वहीतली नोंद डोळ्यांनी दिसायची. ही संगणकातली जाते कुठं?" प्रश्न रास्त आहे. नोंदीच्या तारखेवर तोडीचा नंबर ठरतो आणि काट्यावरच्या वजनावर बिल निघते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात, उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागते. ही मुदत पाळायची तर वजनाची प्रत्येक पावती बिनचूक चढली पाहिजे. शिवाय आपल्या मुला-मुलींपैकी काही जण दूध संस्थांना, विकास सोसायट्यांना असेच प्रोग्राम लिहून देतात. त्यांच्याही उपयोगी पडावे म्हणून हा विषय घेतला आहे.

जोडणी म्हणजे काय?

असे प्रोग्राम बहुधा पीएचपी या भाषेत लिहिलेले असतात. रासमुस लेरडॉर्फ यांनी ती १९९५ साली लोकांपुढे ठेवली. माहिती साठते ती मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे शिस्तीत लावलेल्या रकान्यांच्या कोठारात. या दोहोंच्या मध्ये निरोप नेणारा आणि उत्तर आणणारा जो भाग असतो, ती जोडणीची लायब्ररी. मोटार चांगली, पंपही चांगला, पण मधले कपलिंग ढिले असेल तर पाटाला पाणी येत नाही. तसेच हे आहे.

पीएचपीसाठी मायएसक्यूएलच्या तीन जोडण्या प्रसिद्ध आहेत. पहिली जुनी, नुसती 'मायएसक्यूएल' नावाची. दुसरी 'मायएसक्यूएलआय', ती २००४ साली पीएचपी ५ बरोबर आली. तिसरी 'पीडीओ', ती २००५ साली पीएचपी ५.१ पासून भाषेबरोबरच मिळू लागली.

जुनी जोडणी का सोडावी?

को ७४० हा वाण एके काळी महाराष्ट्रात सर्वदूर होता. पुढे को ८६०३२ ने जागा घेतली. जुना वाण एका रात्रीत वाळून गेला नाही, पण काळ पुढे गेला. जुन्या जोडणीचे तसेच झाले. २०१३ साली पीएचपी ५.५ मध्ये 'ही आता वापरू नका' असा इशारा दिला गेला आणि २०१५ च्या डिसेंबरात पीएचपी ७ मधून ती काढूनच टाकली. म्हणजे ज्या प्रोग्राममध्ये ती आहे, तो पीएचपी ५.६ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवरच चालतो. आणि ५.६ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे २०१८ च्या अखेरीस बंद झाले. असा प्रोग्राम आज चालतो म्हणून उद्याही सुरक्षित राहील असे समजू नये.

छापील फॉर्मची गोष्ट

जुन्या पद्धतीत प्रोग्राम काय करी? डेटाबेसला द्यावयाचा हुकूम आणि सभासदाचे नाव एकाच वाक्यात जोडून पाठवी. आता एखाद्या सभासदाचे आडनाव डि'सोझा असले, तर त्यातील ते वरचे टिंब नाव संपल्याची खूण समजले जाई आणि नोंदच अडकून पडे. ही झाली साधी अडचण. पण कुणी वाईट हेतूने नावाच्या रकान्यात हुकूमच लिहिला, तर डेटाबेस तोही पाळी. वजने बदलणे, खाती वाचणे, तक्ता पुसणे, सर्व काही शक्य. यावर नावातील अशा खुणा निष्प्रभ करण्याची सोय जुन्या जोडणीत होती, पण प्रत्येक ठिकाणी ती आठवणीने वापरावी लागे. एका जागी विसर पडला की दार उघडे.

मायएसक्यूएलआय आणि पीडीओ या दोहोंत चांगली रीत आहे. आधी रिकाम्या जागा सोडून हुकूम तयार करायचा, मग त्या जागांत नाव, गट नंबर, वजन भरायचे. आपल्या नोंदीच्या छापील फॉर्मसारखे. 'गाव' या रकान्यात कुणी काहीही लिहिले तरी ते गावाचे नाव म्हणूनच राहते, फॉर्मवरचा मजकूर त्याने बदलत नाही. नवीन जोडणी घेण्याचे सर्वांत मोठे कारण हेच.

मात्र कुणी कुणी जुन्या प्रोग्राममधील नावांना नुसता 'आय' जोडतात आणि काम झाले म्हणतात. प्रोग्राम नव्या आवृत्तीवर चालला तरीही हुकूम आणि नाव एकत्र जोडण्याची सवय तशीच राहिली तर धोकाही तसाच राहतो. बैल बदलला, खोड राहिली!

दोहोंत फरक कोणता?

मायएसक्यूएलआय फक्त मायएसक्यूएल आणि त्याच्याच कुळातील मारियाडीबीशी बोलते. त्यामुळे मायएसक्यूएलच्या खास सोयी तिच्यात जास्त मिळतात. जुन्या प्रोग्रामची रचनाही तिच्यात कमी बदलांत बसते. परंतु रिकाम्या जागांना ती फक्त प्रश्नचिन्ह लावते. वीस रकान्यांच्या नोंदीत कोणते प्रश्नचिन्ह कशाचे हे मोजत बसावे लागते.

पीडीओ पोस्टग्रेसक्यूएल, एसक्यूलाइट अशा इतर डेटाबेसांशीही त्याच रीतीने बोलते. रिकाम्या जागेला 'गाव', 'वाण', 'वजन' असे नाव देता येते. पुढे दुसऱ्या माणसाने प्रोग्राम हाती घेतला तरी त्याला वाचता येतो. पण पीडीओ घेतली म्हणजे डेटाबेस केव्हाही फुकटात बदलता येतो, हे खरे नव्हे. प्रत्येक डेटाबेसची हुकूम लिहिण्याची बोली थोडी निराळी असते, तेवढे काम करावेच लागते.

वेगाच्या फरकावर पुष्कळ वाद होतो. आपल्यासारख्या कामात वेळ जातो तो माहिती शोधण्यात, जोडणीत नव्हे. तेव्हा त्यावर निवड करू नये.

आमचे मत

नवीन प्रोग्राम करावयाचा असेल तर पीडीओ घ्यावी. जुना मोठा प्रोग्राम थोड्या दिवसांत नव्या आवृत्तीवर न्यावयाचा असेल तर मायएसक्यूएलआय घ्यायला हरकत नाही, पण छापील फॉर्मची रीत पाळूनच. एकाच प्रोग्राममध्ये दोन्ही मिसळू नयेत.

घ्यावयाची काळजी

१) चूक झाली की प्रोग्रामने ओरडले पाहिजे. पीएचपी ८.० (२०२०) च्या आधी पीडीओ आणि ८.१ (२०२१) च्या आधी मायएसक्यूएलआय, सांगितल्याशिवाय चूक झाल्यावर मुकाट्याने पुढे जात. पावती छापली गेली आणि खात्यात चढलीच नाही, असा प्रकार यातूनच होतो. जुनी आवृत्ती असेल तर ही सोय हाताने चालू करावी.

२) वजनाची पावती आणि सभासदाचे खाते या दोन नोंदी एकत्रच व्हाव्यात. मध्येच वीज गेली तर दोन्ही रद्द व्हाव्यात, एक राहून एक जाऊ नये. यास ट्रान्झॅक्शन म्हणतात. दोन्ही जोडण्यांत ही सोय आहे, पण तक्ते इनोडीबी प्रकारचे हवेत. जुन्या मायआयसॅम प्रकारात ती चालत नाही.

३) जोडणी करतानाच 'यूटीएफ८एमबी४' ही अक्षरपद्धती सांगावी. नाही तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

४) पीडीओ मायएसक्यूएलबरोबर असताना, न सांगितल्यास, रिकाम्या जागा स्वतःच भरून सबंध हुकूम पाठवते. हे काम डेटाबेसकडे सोपवण्याची खूण बदलून घ्यावी. मग मात्र एकाच हुकुमात एक नाव दोनदा वापरता येत नाही.

५) रकान्याचे किंवा तक्त्याचे नाव रिकाम्या जागेत भरता येत नाही. यादी गाववार हवी की तारीखवार, हे ठरावीक यादीतूनच निवडू द्यावे.

जोडणी कितीही चांगली असली तरी फॉर्ममध्ये चुकीचे लिहिलेले ती बरोबर करू शकत नाही. को ८६०३२ च्या जागी दुसरा वाण लिहिला गेला किंवा लागणीची तारीख चुकली, तर संगणक तेच इमानाने जपून ठेवील. तेव्हा सभासदांनी नोंद झाल्यावर पावती जागेवरच वाचून पाहावी, गट नंबर, क्षेत्र, वाण व तारीख तपासावी आणि चूक आढळल्यास त्याच दिवशी गट ऑफिसात सांगून दुरुस्त करून घ्यावी, ही विनंती.