पिंजऱ्यात शिरणारा माणूस

१८३१च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या एका रंगमंचावर म्हैसूर अवतरलं. नाट्यगृहाचं नाव 'सर्क ऑलिंपिक', खेळाचं नाव 'म्हैसूरचे सिंह'. आपल्याकडे म्हैसूरचा हैदर अली म्हटलं की थोरल्या माधवरावांच्या कर्नाटक स्वाऱ्या आठवतात. पॅरिसच्या प्रेक्षकाला त्या स्वाऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला हवा होता एक जुलमी सुलतान, एक घनदाट रान आणि त्या रानात लपलेला परागंदा माणूस. सिंह म्हैसूरच्या रानातले नव्हेत, तिथला राजा वाघ. हैदरच्या मुलाचा, टिपूचा, तो गोऱ्या माणसाच्या छाताडावर बसलेला लाकडी वाघ ईस्ट इंडिया कंपनीने लंडनच्या आपल्या कचेरीत १८०८ पासून लोकांना पाहायला ठेवला होता. तरीही १८३१च्याच ऑक्टोबरात हा खेळ लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात गेला तेव्हा नावातले सिंह तसेच राहिले, फक्त पुढे हैदर अलीचं नाव लागलं. कारण साधं होतं. मंडळींकडे सिंह होते. ते पाळणारा माणूसच नाटकाचा नायक होता. इंग्रजी खेळात त्याचं नाव होतं सादुसिंग. म्हैसूरच्या रानात हे उत्तर हिंदुस्थानी नाव कुठून आलं, हा प्रश्न कुणाला पडायचं कारण नव्हतं. नायक मुका होता. बोलायचं नाही, फक्त सिंहांबरोबर राहायचं. प्रेक्षक आणि जनावरं यांच्यामध्ये जाळी, आणि नायक जाळीच्या पलीकडे.

त्या नायकाचं खरं नाव आंरी मार्तां. त्याच्यापर्यंत मी पोचले ती एका सिनेमाचा माग काढत.

सिनेमा १९९७चा, 'पॅशन इन द डेझर्ट'. दिग्दर्शिका लॅव्हिनिया करियर. एकटा सैनिक आणि रानटी जनावर म्हटलं की बहुतेकांना 'डान्सेस विथ वुल्व्ज'मधला कॉस्टनरचा लांडगा आठवतो. तो गोड आहे, पण सैनिकाचं मन किती चांगलं आहे याचं प्रमाणपत्र देण्यापलीकडे त्याला फारसं काम नाही. करियरबाईंच्या सिनेमातली बिबट्याची मादी असली प्रमाणपत्रं देत नाही. १७९८च्या नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेतला एक तरुण फ्रेंच अधिकारी वाळवंटात तुकडीपासून तुटतो, दगडी अवशेषांच्या आडोशाला जातो आणि तिथे ही भेटते. पुढचा बराच काळ पडद्यावर जवळजवळ शब्दच नाहीत. कपडे टाकून अंगावर ठिपके रंगवणारा बेन डॅनियल्स हास्यास्पद दिसायला हवा होता, तसा तो दिसत नाही. याचं श्रेय मी नटाइतकंच कॅमेरामन अलेक्सेई रोदिओनोव्ह यांना देईन. त्यांनी 'कम अँड सी' चित्रित केला होता, आणि माणसाचा चेहरा जनावरासारखा कसा टिपावा हे त्यांना तेव्हापासून ठाऊक होतं.

मूळ कथा बाल्झाकची. 'रेव्ह्यू द पारी' या नियतकालिकात ती २४ डिसेंबर १८३० रोजी आली, आणि पुढे त्याच्या 'ला कोमेदी युमेन' या अवाढव्य मालिकेत लष्करी जीवनाच्या विभागात गेली. त्या विभागाचे त्याचे बेत मोठे होते, पण पूर्ण झालेल्या कृती दोनच. एक 'ले शुआं' ही कादंबरी आणि दुसरी ही चिमुकली गोष्ट. बाल्झाकने इजिप्त कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या वाळवंटात त्यामुळे फारसं काही शोधू नये. त्याने जे पाहिलं होतं ते कथेच्या पहिल्या दोन पानांत आहे, आणि नेमकी तीच पानं सिनेमात नाहीत.

त्या पानांत एक बाई आणि कथेचा निवेदक प्राण्यांचा खेळ पाहून बाहेर पडताहेत. खेळ मार्तांचा, नावानिशी. तो तरसाच्या पिंजऱ्यात शिरलेला पाहून बाई हादरली आहे. जनावर इतकं कह्यात येतंच कसं? निवेदक मुरलेला. तो म्हणतो, यात आश्चर्य कसलं, जनावरांनाही वासना-विकार असतात, आणि आपले सगळे सुधारलेले दुर्गुण आपण त्यांना शिकवू शकतो. मग तो सांगतो की पहिल्यांदा हा खेळ पाहिला तेव्हा त्याच्या शेजारी उजवा पाय तुटलेला एक म्हातारा शिपाई होता. मार्तां पिंजऱ्यात शिरला तरी म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. हे आपल्याला जुनंच आहे, असा त्याचा आविर्भाव. निवेदक त्याला जेवायला नेतो, शॅम्पेनची बाटली उघडली जाते आणि म्हातारा बोलू लागतो. बाई हट्ट धरते, आणि दुसऱ्या दिवशी तिला ती हकीकत लेखी मिळते.

म्हणजे ही गोष्ट आपल्यापर्यंत किती हातांतून येते पाहा. दारूच्या घोटाबरोबर म्हाताऱ्याने सांगितलेली, एका शहरी माणसाने एका बाईवर छाप पाडायला लिहून काढलेली. तिच्यावर किती विश्वास ठेवायचा हे बाल्झाक आपल्यावर सोडतो. सिनेमाने हा सगळा डोलारा उतरवला आणि गोष्ट खरी करून टाकली. करियरबाईंची ही मोठी चूक आहे असं मला वाटत आलं आहे, मात्र त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. त्याकडे शेवटी येते.

वाळवंटातला भाग वाचकांच्या ओळखीचा असेल, म्हणून भराभर सांगते. जनरल देझे वरच्या इजिप्तमध्ये मामलुक सरदार मुराद बेच्या पाठलागावर असताना प्रॉव्हन्सचा एक शिपाई मगरबी लोकांच्या तावडीत सापडतो, निसटतो, त्याचा घोडा मरतो, ताडांच्या सावलीत त्याला गुहा मिळते आणि गुहेची मालकीण रात्री परत येते. तोंडाला रक्त लागलेली. पोट भरलेलं आहे म्हणून शिपाई वाचतो. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवतो, दुसऱ्या हातात खंजीर. तो तिला 'मिन्योन' म्हणतो, ते त्याच्या पहिल्या, मत्सरी प्रेयसीचं गमतीत ठेवलेलं नाव. सरकत्या वाळूत तो रुतला तेव्हा ती कॉलर धरून त्याला ओढून काढते. तो आकाशातल्या गरुडाकडे पाहत बसला तर ती गुरगुरते. शेवटी एका क्षणी ती त्याची मांडी दातांत धरते, कदाचित हलकेच. तो घाबरून खंजीर खुपसतो. सिनेमात तिचं नाव सिमूम, वाळवंटातल्या झळांच्या वाऱ्यावरून. बाल्झाकच्या शिपायाने जनावरात बाई पाहिली, करियरबाईंच्या अधिकाऱ्याने बाईऐवजी निसर्ग पाहिला. नावापासूनच दोन वाटा वेगळ्या होतात, आणि मला पहिली जास्त प्रामाणिक वाटते.

आता मार्तांकडे. १७९३चा जन्म, गाव मार्से. आधी घोडेस्वारीचे खेळ करायचा. मग व्हान आकेन या डच कुटुंबाच्या फिरत्या प्राणिसंग्रहाशी त्याची गाठ पडली आणि त्या घरातल्या कॉर्नेलीशी लग्न झालं. १८१९च्या सुमारास जर्मनीत आतीर नावाच्या वाघाच्या पिंजऱ्यात तो शिरला, आणि तिथून त्याचं नाव झालं. आधीचे खेळवाले पिंजऱ्याबाहेरून काठीने जनावराला डिवचत. मार्तां दार उघडून आत जाई. युरोपातल्या आधुनिक पशुप्रशिक्षकांची वंशावळ त्याच्यापासून मोजतात ती यासाठी. धाडसापेक्षा त्याची चिकाटी मला महत्त्वाची वाटते. जनावराला माणसाच्या वासाची, आवाजाची सवय करत करत आत जायचं, ही त्याची रीत.

मार्से हे गाव या प्रकरणात वारंवार डोकं वर काढतं. १८२६च्या शरदात इजिप्तच्या मुहम्मद अलीने फ्रान्सच्या राजाला पाठवलेला जिराफ तिथेच उतरला. पुढच्या वर्षी प्राणिशास्त्रज्ञ एत्येन जॉफ्रुआ सँतिलेर त्या जिराफाबरोबर पॅरिसपर्यंत पायी चालत गेले. हे गृहस्थ तरुणपणी नेपोलियनच्या विद्वानांच्या तांड्यात इजिप्तला जाऊन आलेले. १८३०च्या फेब्रुवारीपासून त्यांचं आणि शरीररचनाशास्त्रज्ञ क्युव्हिएंचं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत जाहीर भांडण पेटलं. सगळ्या प्राण्यांची रचना एकाच आराखड्यावर बेतलेली आहे, हे सँतिलेरांचं म्हणणं. क्युव्हिएंना ते अजिबात मान्य नव्हतं. बाल्झाक सँतिलेरांच्या बाजूचा होता. 'ल पेर गोरियो' ही कादंबरी त्याने पुढे त्यांनाच अर्पण केली, आणि 'ला कोमेदी युमेन'च्या १८४२च्या प्रस्तावनेत समाजातही प्राण्यांसारख्या जाती असतात असं मांडलं. माणूस आणि बिबट्या यांच्यामधलं अंतर किती, हा १८३० मध्ये पॅरिसमध्ये गप्पांचा विषय होता. बाल्झाकने त्याचं उत्तर मार्तांच्या पिंजऱ्यापाशी शोधलं.

सिनेमातही एक मार्सेकर आहे. मिशेल पिकोलीने केलेला चित्रकार व्हँत्युर द पारादी. या नावाचा माणूस खरोखर होऊन गेला, पण तो चित्रकार नव्हता. तो नेपोलियनचा मुख्य दुभाषा होता, बर्बर भाषेचं व्याकरण आणि कोश त्याने केले आणि १७९९च्या सीरिया मोहिमेत तो मेला. देझेच्या सैन्याबरोबर देवळं रेखाटत हिंडणारा माणूस दुसराच, व्हिव्हां दनों. करियरबाईंनी एकाच्या अंगरख्यात दुसऱ्याला घातलं. याला मी फार नावं ठेवणार नाही. पाण्याविना होणारे हाल मात्र त्यांनी अगदी खरे दाखवले आहेत. अलेक्झांड्रियाहून निघालेल्या फ्रेंच शिपायांमध्ये तहानेने वेडे होऊन स्वतःला गोळी घालणारेही होते.

१७९९च्या जानेवारीत, देझेची माणसं नाईलच्या वरच्या अंगाला भटकत असताना, नेपोलियनने कैरोहून टिपूला पत्र लिहिलं. ते वाटेत इंग्रजांच्या हाती लागलं, आणि मे महिन्यात टिपू श्रीरंगपट्टणात पडला. फ्रेंच मनात इजिप्त आणि म्हैसूर हे एकाच फसलेल्या स्वप्नाचे दोन तुकडे होते. बाल्झाकची कथा डिसेंबरात येते. तिच्यात मार्तां आहे, आणि जनावराशी जमलेला एकाकी परागंदाही आहे. चार महिन्यांनी मार्तां स्वतःच रंगमंचावर जनावरांशी जमलेला एकाकी परागंदा होऊन येतो, फक्त इजिप्तच्या जागी म्हैसूर. कागदोपत्री पुरावा दाखवता येत नाही, पण माझा कौल आहे की बाल्झाकने मार्तांकडून खेळ घेतला आणि मार्तांच्या मंडळींनी बाल्झाककडून गोष्ट परत घेतली.

मार्तांने पुढे रिंगण सोडलं. १८५७ साली रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयाचा तो पहिला संचालक झाला. १८८० मध्ये आपल्या विष्णुपंत छत्र्यांनी सर्कस उभी केली तेव्हा तो म्हातारा हॉलंडमध्ये हयात होता. छत्रेही मुळात घोड्यांचेच शिक्षक. १८८२ मध्ये मार्तां वारला.

आता करियरबाईंच्या बाजूने. बाल्झाकला बिबट्याची मादी शाईने लिहिता आली. सिनेमाला खरी लागते, आणि खरी असली की तिच्याबरोबर तिला सांभाळणारा माणूस लागतो. जॉर्डन आणि युटाच्या वाळूत डॅनियल्सच्या अंगाशी ती बिबटीण लोळते, तेव्हा चौकटीच्या कडेला, दिसणार नाही असा, एक मार्तां उभा असतोच. पटकथेतून काढलेला माणूस चित्रीकरणाला हजर राहावाच लागला. तरी पटकथेत त्या म्हाताऱ्याला जागा असती तर बरं झालं असतं. त्याचा उजवा पाय नेमका कशाने गेला, हे बाल्झाक सांगत नाही. मांडीला धरणारे ते दात आणि तो तुटलेला पाय एकाच गोष्टीत आहेत, आणि म्हातारा त्यांचा संबंध जोडत नाही. जोडला असता तर ती मादी हलकेच चावली होती की फाडायलाच आली होती, हे कळलं असतं, आणि त्याने तिला उगाच मारलं का, हेही.