कोरीची ओंजळ

काचेच्या टाकीत तळ उकरत फिरणारा बोटभर मिशाळ मासा म्हणजे कोरीडोरस ऊर्फ कोरी, मूळचा दक्षिण अमेरिकेचा. टाकीतलं थोडं पाणी काढून जरा गार पाणी घातलं की त्याला पावसाळा आल्यासारखं वाटतं आणि नर मादीच्या मागे लागतात.

पुढचं नीट पाहावं. नर आडवा होतो, मादी त्याच्या पोटाशी तोंड लावते. वरून पाहिलं तर इंग्रजी ‘टी’ अक्षर. त्याच वेळी ती पोटाखालचे दोन पर जुळवून ओंजळ करते आणि तीत मोजकी अंडी सोडते. मादी वीर्य चक्क गिळते, हे जपानी संशोधकांनी ब्राँझ कोरी या जातीवर १९९५ साली दाखवलं. आतड्यातून काही सेकंदांत पार होऊन ते ओंजळीतल्या अंड्यांपाशी पोचतं. इतक्या झपाट्यात ते पचणार तरी कधी! (हेच आतडं वरची हवा गिळून श्वास घ्यायलाही कामी येतं.)

मग ती काचेवर जागा शोधून चिकट अंडी डकवते. संगोपनाचं नाव नाही. उलट आईबापच अंडी फस्त करतात. पिल्लं हवी असतील तर अंडी वेगळ्या भांड्यात हलवावीत, बुरशी लागून पांढरी पडलेली काढून टाकावीत. साधारण तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि सुरुवातीला पोटाच्या बलकावरच जगतात. त्यांच्या पुढच्या खाण्यासाठी आर्टेमियाची (बारीक कोळंबीसारख्या जिवांची) सोय तोवर करून ठेवावी.