मैदान, समुद्र आणि हौशी कॅमेरा : मोहल्ल्याची आठवण नीट टिकवायची कशी?

पावसाळा सरला, भातकापणी आटोपली की कोकणात क्रिकेट सुरू होतं. कापलेल्या मळ्यात खेळपट्टी तयार होते, मांडव पडतो, लाउडस्पीकर लागतो. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या मोहल्ल्यांत मेपर्यंत बहुतेक रविवार टेनिस बॉलच्या सामन्यांत जातात. संध्याकाळी कुठे कबड्डी रंगते. ईद झाली की घरची मंडळी डबे घेऊन समुद्रावर जातात. या सगळ्या ठिकाणी एक माणूस हमखास दिसतो. गळ्यात कॅमेरा किंवा हातात मोबाईल, पैसे घेत नाही, फक्त शौक म्हणून फोटो काढतो.

या माणसाला आपण फार मोजत नाही. "ए भाई, आमचा एक काढ," एवढंच आपलं त्याच्याशी नातं. पण जरा विचार करा. गावातल्या सामन्याची बातमी वर्तमानपत्रात आलीच तर दोन ओळींची येते. कुवेत, कतार, दुबईत नोकरी करणाऱ्या बापाने मुलाचा पहिला सामना पाहिला, तो या माणसाच्या फोटोतच. वीस वर्षांनी आपल्या मोहल्ल्यात कोण खेळत होतं, मैदान कसं होतं, हे सांगणारा कागद दुसरा कुठलाही नसेल. म्हणून हा शौक थोडा समजून, जबाबदारीने केला तर त्यातून मोठं काम होतं. ते कसं, हे मुद्देसूद पाहू.

चेंडू पुसट का येतो?

क्रिकेटचा फोटो काढला की बॅट धूसर आणि चेंडू गायब, ही नेहमीची तक्रार. कारण साधं गणिताचं आहे. चेंडू ताशी 100 किलोमीटर वेगाने जात असेल तर तो एका सेकंदाला जवळपास 28 मीटर जातो. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडं राहिलं तर तेवढ्यात चेंडू 28 सेंटिमीटर पुढे सरकतो. टेनिसचा चेंडू असतो साधारण साडेसहा सेंटिमीटरचा. म्हणजे फोटोत चार चेंडूंइतकी लांब पुसट रेघ उमटणार. तेच शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं तर चेंडू तीन सेंटिमीटरही सरकत नाही. फोटो स्वच्छ येतो.

आता शटर इतकं कमी वेळ उघडं राहिलं तर प्रकाशही कमी येणार. दिवसा त्याची अडचण नाही. जुन्या फोटोग्राफरांचा एक हिशोब आहे : कडक उन्हात अ‍ॅपर्चर 16 ठेवलं तर जेवढा आयएसओ, तेवढाच शटरचा आकडा. आयएसओ 100 तर शटर एक शतांश सेकंद. अ‍ॅपर्चर 16 वरून 11, 8, 5.6 आणि 4 असं चार पायऱ्या मोठं करा. प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट होतो, म्हणून शटरचा आकडाही दर पायरीला दुप्पट करता येतो : 200, 400, 800, 1600. म्हणजे दुपारच्या सामन्याला महागडा कॅमेरा लागतच नाही. साधा, वापरलेला कॅमेराही पुरतो.

मोबाईल असेल तर त्यात बहुधा "प्रो मोड" असतो, तिथे शटरचा आकडा बदलता येतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. स्क्रीनवर बोटांनी चित्र मोठं करणं म्हणजे लेन्सची झूम नव्हे. एका मर्यादेपलीकडे मोबाईल फक्त चित्राचा तुकडा कापून मोठा करतो. त्यापेक्षा चार पावलं जवळ जाणं केव्हाही चांगलं.

उभं राहायचं कुठे?

निम्मा फोटो जागेवर ठरतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाची छाती आणि चेहरा ऑफ साइडला असतो. तिथे पॉइंट किंवा कव्हरच्या बाजूला, सीमारेषेच्या बाहेर बसलात तर चेहरा मिळेल. लेग साइडला बसलात तर पाठ. डावखुरा आला की जागा बदला. आणि डोळा कॅमेऱ्यात असताना फटका आपल्याकडेच येऊ शकतो, हे विसरू नका.

कबड्डीचं वेगळं. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद, आणि चढाई 30 सेकंदांची. चढाई करणारा पुढे जातो तेव्हा त्याचं तोंड बचाव करणाऱ्यांकडे असतं, म्हणून त्यांच्या पाठीमागच्या अंतिम रेषेबाहेर खाली बसा. पण खरा क्षण येतो तो पकड झाल्यावर, मध्यरेषेकडे हात लांबवताना. तो हवा असेल तर मध्यरेषेच्या टोकाला, बाजूला बसा. दोन्ही एकाच जागेवरून मिळत नाहीत. पहिल्या डावात एक जागा, दुसऱ्या डावात दुसरी.

रात्रीच्या सामन्यात काही फोटो उजळ, काही काळपट येतात. त्यात कॅमेरा बिघडलेला नसतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते जाणवत नाही, हजाराव्या भागावर उघडणाऱ्या शटरला जाणवतं. उपाय दोन. खेळाडू स्थिर असताना, नाणेफेक किंवा बक्षीस समारंभाच्या वेळी, शटर एक शतांश सेकंदावर ठेवा. खेळ चालू असताना एकापाठोपाठ चार-पाच फोटो घ्या आणि त्यातला उजळ ठेवा.

काळा समुद्र, पांढरा समुद्र आणि करडा फोटो

रत्नागिरीत एका किनाऱ्याला काळा समुद्र म्हणतात, दुसऱ्याला पांढरा समुद्र. रंग वाळूचा. पण दोन्हीकडे काढलेले फोटो पाहिले तर वाळू बऱ्याचदा सारखीच, करड्या रंगाची दिसते. असं का? कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही. जे दिसेल ते मध्यम उजेडाचं असावं, एवढंच तो धरून चालतो. म्हणून पांढरी वाळू तो काळवंडतो, काळी वाळू फिकी करतो. पांढऱ्या वाळूत उजेडाची मात्रा एक पायरी वाढवा, काळ्या वाळूत थोडी कमी करा. मोबाईलमध्ये चेहऱ्यावर बोट ठेवून शेजारचं सूर्याचं चिन्ह वर-खाली सरकवलं की हेच होतं.

दुसरी गोष्ट दिशेची. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. समुद्र पाठीशी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर सकाळचं ऊन पडतं. संध्याकाळी सूर्य त्यांच्या पाठीमागे जातो आणि चेहरे काळे पडतात. म्हणून घरच्या मंडळींचा एकत्र फोटो सकाळीच उरकून घ्यावा. संध्याकाळी काढायचाच असेल तर सर्वांना थोडं वळवून ऊन एका गालावर येऊ द्या. आणि क्षितिजाची रेघ आडवी सरळ आहे ना, ते पाहा. तिरक्या रेघेमुळे सगळा समुद्र एका बाजूला सांडल्यासारखा दिसतो.

ईदची सहल आणि भरतीचा हिशोब

हा भाग फोटोपेक्षा महत्त्वाचा आहे, तेव्हा नीट वाचा.

रमजान ईद म्हणजे शव्वालची पहिली तारीख. चाँद दिसतो तो अमावास्या नुकतीच उलटल्यावर. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच समुद्राला उधाण येतं, म्हणजे भरती सर्वांत उंच आणि ओहोटी सर्वांत खोल. बासी ईदला आपण सहलीला निघतो तो दिवस बहुधा उधाणाचाच असतो. दर वर्षी.

कोकणातले जुने लोक भरतीची वेळ तोंडी काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं. तृतीया असेल तर तीन पाऊण सव्वादोन. म्हणजे बासी ईदला दुपारी दोनच्या सुमारास पूर्ण भरती, अगदी जेवणं उरकून मुलं पाण्यात उतरतात तेव्हा. त्यानंतर सहा तास पाणी बाहेर ओढत राहतं. बकरी ईद जिल्हज्जच्या दहा तारखेला, तिथी दशमी-एकादशी. त्या दिवशी भरती सकाळी साडेसात-आठच्या सुमारास, दुपारी ओहोटी, आणि भरतीचा जोर कमी, ज्याला भांग म्हणतात. मात्र हल्ली बकरी ईद पावसाळ्याच्या तोंडावर येते आणि तेव्हा समुद्र खवळायला लागलेला असतो, म्हणून भांगावरही विसंबू नये. हा हिशोब अंदाजाचा आहे. निघण्याआधी भरतीची वेळ दिनदर्शिकेत किंवा मोबाईलवर पाहा. किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारलं तर सर्वांत उत्तम.

याचा फोटोग्राफरशी संबंध काय? आहे, आणि फार जवळचा आहे. समुद्रावर एकत्र फोटो काढताना सर्वांची पाठ पाण्याकडे असते. समुद्राकडे तोंड असलेला माणूस एकच, फोटो काढणारा. येणारी लाट फक्त त्यालाच दिसते. आणि नेमका तोच म्हणतो, "सगळे थोडे मागे व्हा." पाठीमागे पाणी असेल तर हे वाक्य तोंडातून काढायचंच नाही. मागे जायचं असेल तर फोटोग्राफरने जावं, त्याच्या पाठीशी जमीन असते. शेवाळलेल्या खडकावर कुणाला उभं करायचं नाही. लहान मुलं पाण्यात असतील तर एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडे लक्ष ठेवायचं. त्याच्या हातात मोबाईल नको.

कॅमेऱ्यालाही खाऱ्या वाऱ्याचा त्रास होतो. वाळूत लेन्स बदलू नका. घरी आल्यावर आधी फुंकणीने वाळूचे कण उडवा, मग किंचित ओलसर मऊ कापडाने मीठ पुसा आणि कोरडं करा. वाळू असताना कापड घासलं तर काचेवर ओरखडे पडतात. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कोंडून ठेवला तर लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि अधूनमधून बाहेर काढून वापरा.

इजाजत : काढताना आणि वगळतानाही

समुद्रावर आपल्या फोटोत दुसऱ्याचं कुटुंब येतं. सामन्यात प्रेक्षकांमधल्या बायका, मुली येतात. आपल्या समाजात काहींना फोटो चालतो, काहींना अजिबात चालत नाही. दोघांचाही मान राखायला हवा. त्यासाठी विचारणं हा एकच मार्ग आहे. ओळख असो वा नसो : "खाला, फोटो काढू का? कुठे टाकणार नाही." नको म्हटलं की कॅमेरा खाली. काढायला हो म्हटलं म्हणजे स्टेटसला टाकायलाही हो म्हटलं, असं नाही. ते वेगळं विचारायचं. मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारा, आणि फोटोखाली शाळेचं नाव, घरचा पत्ता देऊ नका.

याची दुसरी बाजूही आहे, तिच्यावर कुणी फारसं बोलत नाही. शाळेच्या स्पर्धांचे फोटो पाहिले तर मुलांचे भरपूर असतात, मुलींचे जेमतेम दोन-चार. धावण्यात, कबड्डीत, गोळाफेकीत मुली असतात, बक्षिसंही घेतात. पण फोटो काढणारा मनातच ठरवून टाकतो की घरच्यांना आवडणार नाही, जाऊ दे. कुणी विचारलेलंच नसतं. न विचारता फोटो काढणं जसं योग्य नाही, तसंच न विचारता वगळणंही योग्य नाही. मुलीला विचारा, तिच्या अम्मी-अब्बांना विचारा. बरीच घरं आनंदाने हो म्हणतात आणि तो फोटो दिवाणखान्यात लावतात. ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी ढालीचा, पदकाचा, मैदानावरच्या नावांच्या फळ्याचा फोटो घ्या. मुलगी खेळली, जिंकली, याची नोंद तरी राहील.

खेळपट्टी करणारे, गुण लिहिणारा, सर्वांसाठी सरबत घोळणारे चाचा, हरलेला संघ, यांचेही फोटो हवेत. नुसत्या चषकाच्या फोटोवरून सामना कळत नाही.

फोटो टिकवायचे कसे?

फोटो निघाले की ग्रुपवर जातात, आठवडाभर वाहवा होते आणि संपतं. मोबाईल पाण्यात पडला, हरवला, बदलला की सगळं गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो, पुढे मोठा छापायचा म्हटलं तर फुटतो. तेव्हा मूळ फोटो पाठवायचा असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा.

घरी करायचं काम एवढंच :

* त्याच रात्री खराब फोटो काढून टाका. तीनशेपैकी तीस ठेवले तरी खूप झाले.
* प्रत्येक सामन्याचा, सहलीचा वेगळा फोल्डर करा. नावात आधी वर्ष, महिना, तारीख, मग गाव.
* फोटोत कोण आहे ते डावीकडून उजवीकडे लिहून ठेवा. आज सगळे ओळखीचे वाटतात, दहा वर्षांनी नावं आठवत नाहीत.
* तीन ठिकाणी ठेवा : मोबाईल किंवा संगणक, एक वेगळी हार्ड डिस्क, आणि एक प्रत इंटरनेटवर किंवा दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.
* वर्षातले वीस-पंचवीस फोटो छापून अल्बम करा. मागे मऊ पेन्सिलने नावं लिहा. शाई पलीकडे उतरते.

गावात शाळा, वाचनालय किंवा जमातीचं कार्यालय असेल तर ज्यांची हरकत नाही अशा फोटोंचा एक अल्बम तिथेही द्यावा. फोटोग्राफरचं नाव त्यावर असावं. भारतीय कॉपीराइट कायदा 1957 नुसार हौसेने काढलेल्या फोटोचा हक्क काढणाऱ्याकडेच असतो, तेव्हा स्पर्धेच्या बॅनरवर त्याचा फोटो छापणाऱ्यांनी आधी त्याला विचारावं आणि खाली नाव द्यावं. फुकट काढला म्हणजे फोटो बेवारस झाला असं नाही.

पालकांना एक विनंती. घरातला मुलगा किंवा मुलगी कॅमेरा मागत असेल तर लगेच नवा घेऊ नका आणि लगेच नकारही देऊ नका. घरातला मोबाईल द्या आणि सांगा, येत्या रविवारच्या सामन्याचे दहाच फोटो आण. प्रत्येक फोटोत कोण आहे ते लिही आणि कुणाला विचारून काढलास तेही लिही. हे दहा फोटो नीट आले तर पुढचं शिकवणं सोपं आहे.