उकळलं तरी न मरणारं

'पाणी पिऊ नका. उकळूही नका.' 2 ऑगस्ट 2014 च्या पहाटे अमेरिकेतल्या टोलेडो शहराला हा इशारा मिळाला. पाण्याची शंका आली की पातेलं गॅसवर चढवायचं, ही आपली सवय तिथं अंगाशी आली असती. इरी सरोवरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं मायक्रोसिस्टिन हे विष उकळून जात नाही. पाणी आटतं, विष तेवढंच राहतं. यकृतावर घाव घालणाऱ्या या विषापायी सुमारे पाच लाख लोकांचे नळ जवळपास तीन दिवस असून नसल्यासारखे झाले.

शेवाळ हे म्हणायला. खरे तर हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. ऊन आणि संथ पाणी मिळालं की ते फोफावतात. पेशींत हवेच्या पिशव्या असल्यानं तरंगतात, आणि वारा त्यांना काठाशी लोटतो. तिथं काठी बुडवली तर ती ऑइलपेंटच्या डब्यातून काढल्यासारखी हिरवी निघते.

पण त्यांचं पोट भरतं कशावर? 1973 मध्ये कॅनडात शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी '226' क्रमांकाच्या तळ्याच्या चिंचोळ्या गळ्यात प्लास्टिकचा पडदा लावला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन टाकला, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला. विमानातून टिपलेलं ते छायाचित्र भल्याभल्या अहवालांपेक्षा जास्त बोललं.

तरीही तळं हिरवं झालं की पहिला हात जातो मोरचुदाकडे. द्राक्षबागायतदारांना चांगलं ठाऊक असलेलं हे औषध पेशी मारतं खरं, पण फुटलेल्या पेशींतलं विष पाण्यात मोकळं होतं. फॉस्फरस बांधून ठेवणारी लँथनमयुक्त माती त्याहून बरी. मात्र वरून नवा फॉस्फरस येतच राहिला तर तीही किती पुरणार? शिवाय तळाच्या गाळात वर्षानुवर्षांचा साठा असतो. तिथला प्राणवायू संपला की हा फॉस्फरस पुन्हा वर येतो.

सिएटलच्या वॉशिंग्टन तळ्यानं मुळावर घाव घातला. सांडपाणी दुसरीकडे वळवण्याचा प्रस्ताव 1958 च्या मार्चमध्ये मतदारांनी फेटाळला, सप्टेंबरमध्ये मंजूर केला. 1963 ते 1968 दरम्यान नळ वळले. पाणी किती नितळ आहे हे पाहायला सोडलेली, पूर्वी मीटरभर खाली जाताच दिसेनाशी होणारी पांढरी तबकडी 1971 पर्यंत तीन मीटरवरही दिसू लागली.

इरीचं दुखणं अवघड आहे. तिथला फॉस्फरस मुख्यतः मॉमी नदीकाठच्या शेतांतून येतो, आणि हजारो शेतं काही नळासारखी वळवता येत नाहीत. 2008 च्या तुलनेत तो 40 टक्क्यांनी घटवायचं अमेरिका आणि कॅनडानं ठरवलं आहे.

आपल्याकडे उजनी धरणात दोन्ही एकत्र येतं: मुळा-मुठेतून भीमेत उतरणारं पुणे-पिंपरीचं सांडपाणी आणि काठच्या उसातलं खत. पाणी हिरवं झाल्याच्या तक्रारी तिथं नव्या नाहीत. सोलापूरकर पाणी पितात ते याच धरणाचं.