वळण घेताना : क्रॉसओव्हर तंत्राचे मराठीतून स्पष्टीकरण

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• इनलाइन स्पीड स्केटिंगमधील वळण घेण्याचे तंत्र क्रमाने सांगता येईल;
• शारीरिक क्रियेचे वर्णन करताना क्रियापदाच्या रूपांची निवड का महत्त्वाची ठरते, हे स्पष्ट करता येईल;
• दिशावाचक शब्दांतील संदिग्धता ओळखून ती दूर करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कथेतील एखादे वाक्य संदिग्ध राहिले तर वाचक थोडा थांबतो, मागे जातो आणि अर्थ लावून घेतो. कृती शिकवणाऱ्या वाक्याला ही सवलत नसते. चाकांवर धावणारे मूल सूचना ऐकते आणि त्याच क्षणी ती अमलात आणते. सूचना चुकीची उमगली तर गुडघा फुटतो. म्हणून प्रक्रियालेखनाचा अभ्यास करताना आपण मुद्दाम असे उदाहरण घेत आहोत, ज्यात शब्दांचा परिणाम तत्काळ दिसतो.

नांदेड, लातूर यांसारख्या शहरांतही स्केट्स बांधून सराव करणारी मुले आता अपरिचित राहिलेली नाहीत. या खेळात भारताने आंतरराष्ट्रीय यशही मिळवले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझौ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत ३००० मीटर रिले शर्यतीत भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी कांस्यपदके मिळवली. आर्यनपाल सिंग घुमन, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे हे पुरुष संघात होते. पुढे २०२५ मध्ये चीनमधील जागतिक स्पर्धेत आनंदकुमारने १००० मीटर स्प्रिंटचे सुवर्णपदक पटकावले.

२०० मीटरच्या धावपट्टीवर ३००० मीटर म्हणजे १५ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत दोन याप्रमाणे ३० वळणे. सरळ रेषेत कमावलेला वेग वळणावर गमावणारा खेळाडू तो तीस वेळा गमावतो. वळणाचे तंत्र निर्णायक ठरते ते यामुळेच.

२. शरीर आत का कलते?

शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने होतात. म्हणजे प्रत्येक वळण डावीकडे असते. सायकलस्वार वळताना आतल्या बाजूला कलतो, तसेच स्केटरलाही कलावे लागते. फुगडी खेळताना मुली मागे, म्हणजे वर्तुळाच्या बाहेर रेलतात. कारण जोडीदारणीचे हात त्यांना आत ओढून धरतात. स्केटरला असा हात नसतो. त्याला आत ढकलणारे बल केवळ जमिनीकडून, चाकांच्या पकडीतून मिळते. म्हणून तो आत कलतो.

किती कलावे, हे वेगावर आणि वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून असते. ८ मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी १८ किलोमीटर वेग असेल, तर उभ्या रेषेपासून सुमारे १८ अंशांचा कल पुरतो. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे दुप्पट झाला, की लागणारे बल चौपट होते आणि कल सुमारे ५२ अंशांवर जातो. सपाट सिमेंटवर एवढा कल चाकांच्या पकडीला पेलणारा नसतो. म्हणून नवशिक्याने वेग बेताचा ठेवावा, आणि धूळ व बारीक वाळू पकड आणखी कमी करतात म्हणून वळणाची जागा आधी झाडून घ्यावी.

हा कल घोट्यापासून डोक्यापर्यंत एका रेषेत असावा. केवळ कंबरेतून आत वाकल्यास वजन चाकांवरून ढळते. गुडघे वाकलेले, खांदे शक्यतो जमिनीला समांतर आणि नजर पायांकडे न ठेवता वळणाच्या शेवटाकडे असावी.

३. पाय का ओलांडायचा?

सरळ धावताना उजवा पाय उजवीकडे आणि डावा पाय डावीकडे ढकलतो. वळणावर मात्र डाव्या पायाने डावीकडे ढकलले, तर शरीर वळणाच्या बाहेर फेकले जाईल. शरीराला सतत डावीकडे नेणारा जोर हवा असेल, तर दोन्ही पायांनी उजवीकडेच ढकलले पाहिजे. उजव्या पायाला हे सहज जमते. डाव्या पायाला त्यासाठी शरीराच्या खालून उजवीकडे जावे लागते. आणि तो तिकडे जात असताना वजन पेलण्यासाठी उजवा पाय त्याच्या पुढून ओलांडून डावीकडे टेकावा लागतो. यालाच क्रॉसओव्हर म्हणतात.

नवशिक्यांना वाटते, की ओलांडणारा उजवा पाय म्हणजेच क्रॉसओव्हर. प्रत्यक्षात वेग देणारे ढकलणे दोन आहेत : ओलांडण्यापूर्वीचे उजव्या पायाचे, आणि ओलांडताना खालून होणारे डाव्या पायाचे. दुसरे वगळले तर वळणावर केवळ चालणे उरते.

४. भाषेची भूमिका

(अ) *क्रियापदाचे रूप.* पुढील दोन सूचनांची तुलना करा.

१. उजवा पाय उचलून डाव्या पायापुढे ठेवा आणि मग डाव्या पायाने ढकला.
२. डाव्या पायाने उजवीकडे ढकलत असतानाच उजवा पाय त्याच्या पुढून ओलांडा.

पहिल्या वाक्यातील ‘उचलून’ आणि ‘मग’ यांमुळे कृती एकामागून एक होतात. ते ऐकणारे मूल पाय ठेवते, थांबते आणि नंतर ढकलू पाहते. तोवर ढकलण्याची वेळ टळलेली असते. दुसऱ्या वाक्यातील ‘ढकलत असतानाच’ हे रूप दोन्ही कृती एकाच वेळी घडतात, हे सांगते. ‘-ऊन’ हे रूप पूर्ण झालेल्या कृतीसाठी आणि ‘-त असताना’ हे चालू कृतीसाठी, हा भेद येथे थेट पायांपर्यंत पोहोचतो.

(आ) *दिशावाचक शब्द.* ‘बाहेरच्या कडेवर वजन द्या’ ही सूचना पाहा. बाहेर म्हणजे वर्तुळाच्या बाहेर की पायाच्या? डावीकडच्या वळणात डाव्या पायाची बाहेरची कड वर्तुळाच्या आतल्या बाजूला असते. गोंधळ अटळ आहे. त्याऐवजी ‘डाव्या पायाच्या करंगळीच्या कडेवर आणि उजव्या पायाच्या अंगठ्याच्या कडेवर वजन द्या’ असे म्हटले, तर शब्दाचा आधार शरीरातच सापडतो आणि अर्थ एकच उरतो.

५. सरावाचा क्रम

शिरस्त्राण, तसेच गुडघे, कोपर व मनगट यांची संरक्षक साधने घालूनच सराव करावा.

१. डाव्या पायावर तोल साधून सरळ घरंगळणे.
२. पाय न उचलता, डावा पाय किंचित पुढे ठेवून वर्तुळात वळणे.
३. डाव्या पायाच्या करंगळीच्या कडेवर राहून उजव्या पायाने पुन्हा पुन्हा ढकलणे.
४. भिंतीला किंवा कठड्याला धरून, जागेवरच आडवी पावले टाकत पाय ओलांडणे.
५. मंद वेगात वर्तुळावर ओलांडणे. पाय उंच न उचलता जमिनीलगत नेणे.
६. डाव्या पायाचे खालून ढकलणे पूर्ण करणे. ढकलण्याच्या शेवटी तो पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे.
७. वळणात बाहेरून शिरणे, मध्यावर आतल्या कडेजवळ येणे आणि पुन्हा बाहेर निघणे. यामुळे वळणाची त्रिज्या वाढते आणि तोच वेग कमी कलात राखता येतो.

पुढची पायरी मागची स्थिर झाल्यावरच घ्यावी. दोन्ही बाजूंचे स्नायू समतोल राहावेत म्हणून काही सराव उजवीकडे वळूनही करावा.

६. सारांश

वळणावर दोन्ही पाय एकाच दिशेला ढकलतात आणि ओलांडणे त्या ढकलण्यासाठी असते. हे सूत्र समजले, की पायऱ्यांचा क्रम पाठ करावा लागत नाही. लेखकाच्या बाजूने पाहता, प्रथम कारण सांगावे, नंतर क्रम द्यावा. एकाच वेळी घडणाऱ्या कृती एकामागून एक मांडू नयेत. दिशा शरीराच्या अवयवांवरून सांगावी.

७. स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. वळणावर डाव्या पायाने डावीकडे ढकलल्यास काय होईल? सकारण लिहा.
२. ‘-ऊन’ आणि ‘-त असताना’ या रूपांतील अर्थभेद आपल्या व्यवसायातील उदाहरणाने स्पष्ट करा.
३. भाकरी थापणे, सायकल शिकवणे किंवा सुईत दोरा ओवणे यांपैकी एका क्रियेच्या सूचना दहा वाक्यांत लिहा. त्या घरातील एखाद्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि ती व्यक्ती जिथे अडखळेल ते वाक्य पुन्हा लिहा.