एक तार, अनेक अँटेना

मुलांनो, आपल्या गोंदिया जिल्ह्यात तलाव पुष्कळ आहेत. तलावाचे पाणी पाटाने येते आणि पाटाला फाटा काढला की ते दोन बांध्यांत वाटले जाते. रेडिओ लहरींचेही असेच वाटप करता येते. ते करणाऱ्या छोट्या डबीला स्प्लिटर म्हणतात.

आमच्या शाळेत वायफायचा डबा कार्यालयात होता आणि संगणकाची खोली जाड भिंतींच्या पलीकडे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत जवळ आली होती. मी बाजारातून टीव्हीचा स्प्लिटर आणला, डब्याचा अँटेना काढून तेथे जोडला आणि दुसरा अँटेना संगणकाच्या खोलीत नेला. झाले उलटेच! कार्यालयातलेही वायफाय मंदावले.

चूक माझीच होती. टीव्हीची कोअ‍ॅक्सियल तार 75 ओहमची असते, वायफायची 50 ओहमची. हे आकडे जुळले नाहीत तर काही लहरी वाटेतूनच मागे फिरतात. पूर्वी टीव्हीच्या दोन तारा नुसत्या पिळून जोडल्या, की पडद्यावर माणसामागे त्याचीच फिकट सावली दिसे, ती यामुळेच. मोठी चूक दुसरीच होती. टीव्हीचा साधा स्प्लिटर सुमारे 1000 मेगाहर्ट्‌झपर्यंतच्या लहरींसाठी असतो, आणि आमचे वायफाय 2400 मेगाहर्ट्‌झचे!

मग योग्य स्प्लिटर मागवला. पण लक्षात ठेवा, स्प्लिटर शक्ती वाढवत नाही, फक्त वाटतो. 100 मिलिवॅट आत गेले तर दोन अँटेनांना प्रत्येकी 50 पेक्षा थोडे कमीच मिळतात. चार केले तर 25 पेक्षा कमी. लांब तारही बरीच शक्ती खाते, म्हणून ती आखूड व चांगल्या प्रतीची घ्यावी.

मग फायदा काय? शक्ती निम्मी झाली तरी अंतर निम्मे होत नाही; मोकळ्या जागेत ते सुमारे 70 टक्के राहते. उलट जाड भिंती निम्म्याहून कितीतरी जास्त शक्ती अडवतात. अँटेना भिंतीपलीकडे नेला की तो अडथळाच टळतो. मात्र दोन्ही अँटेना एकाच खोलीत लावू नयेत. त्यांच्या लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, तर कुठे एकमेकींना पुसून टाकतात.

भुयारी रेल्वेस्थानकांत छताला ठिकठिकाणी छोटे अँटेना दिसतात, तेही अशाच वाटपावर चालतात.

आमचे अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भरून झाले.