करकचून ब्रेक लावल्यावर

पत्रादेवीहून गोव्यात शिरणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पेडणे तालुक्यातून धारगळमार्गे कोलवाळच्या पुलाकडे उतरतो. चौपदरीकरणानंतर इथला वेग वाढला, गुरं मात्र पूर्वीसारखीच मध्येच आडवी येतात. अशा वेळी चालक करकचून ब्रेक दाबतो, गाडी नाक खुपसते आणि थांबते. त्या दोन-तीन सेकंदांत पुढच्या ॲक्सलवर आणि चेसीसवर किती ताण येतो, हे मोजता येतं.

हजार किलोची गाडी घेऊ. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर अडीच मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर, पुढच्या चाकांवर एरवी ५५० किलो. कोरड्या डांबरावर जोरदार ब्रेक लावला, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट मंदन आलं, की मागचा १७६ किलो भार पुढे सरकतो. पुढच्या चाकांवर आता ७२६. रस्ता प्रत्येक पुढच्या चाकाला सुमारे २९० किलोच्या जोराने मागे खेचतो. डिस्कला चिमटणारा कॅलिपर चाक धरणाऱ्या नकलवरच बसलेला असल्याने ती ओढ नकलला पिळतेही. शॉकॲब्सॉर्बरचा वरचा माउंट जमिनीपासून ७५ आणि खालचा बॉलजॉइंट २० सेंटिमीटरवर असेल, तर नकलला खालून चेसीसशी जोडणाऱ्या लोअर आर्मला मागे सुमारे ३९५ किलोचा रेटा बसतो आणि शॉकॲब्सॉर्बरचं डोकं सुमारे १०५ किलोने पुढे ढकललं जातं. म्हणजे खरा मार डिस्कला नाही, लोअर आर्मच्या रबरी बुशला आणि तो जिथे बोल्टने धरला आहे त्या पत्र्याला बसतो.

गाड्यांच्या चाचणीत याच जागी स्ट्रेन गेज चिकटवतात. पोलादात १०० मेगापास्कल ताण आला की दहा सेंटिमीटर लांबी जेमतेम ०.०५ मिलिमीटरने वाढते, केसाच्या जाडीहूनही कमी. गेजची तार तेवढीच ताणली जाते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून ताण कळतो. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या वाहनसंशोधन संस्थांत रस्त्यावर नोंदलेला असा भार पुढे हायड्रॉलिक यंत्रावर हजारो वेळा पुन्हा दिला जातो, कारण धातू सहसा एका झटक्याने नव्हे, थकून तुटतो.

इथे एक दिलासा आहे. ब्रेक कितीही दाबला तरी टायरच्या पकडीपेक्षा जास्त ओढ निर्माण होत नाही. पावसात पकड घटते, थांबायचं अंतर वाढतं, पण ॲक्सलवरचा ताण उलट कमी होतो. ही पकड वजनावरही ठरते. म्हणूनच मोपा विमानतळाच्या ३५०० मीटरच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या एअरबस ए३२०च्या नाकाखालच्या चाकांना ब्रेकच नसतो. विमानाचं बहुतेक वजन मुख्य चाकांवर असतं, ब्रेकही तिथेच.

वजन वाढलं की ही मर्यादाही वर सरकते, आणि इथे डिचोली तालुक्याची गोष्ट सुरू होते. खाणींतून मांडवीकाठच्या धक्क्यांवर खनिज नेणाऱ्या ट्रकांनी हा तालुका अनेक दशकं दणाणत होता. २०१२मध्ये खाणी थांबल्या, नंतर काही काळ चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मार्च २०१८मध्ये पुन्हा बंद पडल्या. अशा खनिजाच्या ट्रकचा पुढचा ॲक्सल कमानपाट्यांवर यू-बोल्टने आवळलेला असतो. ब्रेकच्या पिळाने पाटा एस अक्षरासारखा वाकतो. यू-बोल्ट सैल असतील तर सगळा कातरभार सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की ॲक्सल पाट्यावरून सरकतो आणि स्टिअरिंग चालकाच्या हातात राहत नाही. वजन जितकं जास्त तितका हा भारही जास्त, म्हणून जादा भराई करणाऱ्याचा दोष मला नुसता नियमभंग वाटत नाही. तो चालकाच्या जिवाशी खेळ आहे.

खड्डा मात्र पकडीची मर्यादा जुमानत नाही. ब्रेक दाबलेला असताना पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते, उरलेली हालचाल थोडी. खड्ड्याची धार आदळली की चाकावरचा भार क्षणभर कित्येक पट वाढतो आणि तो आधीच ताणलेल्या बुशवर पडतो. म्हणून ब्रेक खड्ड्याआधी लावावा आणि चाक आत उतरण्यापूर्वी सोडावा.

गोव्याच्या किनाऱ्याची खारी हवा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस चेसीसच्या जोडांत गंज धरवतात. तेव्हा पावसाळा संपल्यावर फिटरला नुसते ब्रेकपॅड बघायला सांगू नका. मोकळ्या सपाट जागेत चालण्याच्या वेगाने गाडी पुढे नेऊन ब्रेक लावायचा, मग मागे घेऊन लावायचा. फिटरने बाजूला सुरक्षित अंतरावर उभं राहून चाक आणि मडगार्ड यांमधली फट बघायची. दोन्ही वेळी चाक ठळकपणे मागेपुढे सरकताना दिसलं, तर गाडी रॅम्पवर घेऊन आधी लोअर आर्मचा बुश आणि त्याचे बोल्ट तपासायचे.